टॅबवरचं सर्किट आणि टेबलावरचं सर्किट

नववीच्या वर्गात फळ्यावर एक प्रश्न लिहून बघा. बॅटरीला एक बल्ब जोडला आहे. त्याच वाटेवर तसाच दुसरा बल्ब एकसर जोडला, तर काय दिसेल? एक, बॅटरीजवळचा बल्ब जास्त उजळेल आणि पुढचा मंद. दोन, दोन्ही आधीच्या एकट्या बल्बइतकेच उजळतील. तीन, दोन्ही सारखेच, पण आधीपेक्षा मंद. ‘धाराविद्युत’ हा पाठ संपलेला असला, ओहमचा नियम तोंडपाठ असला, गणितंही सुटत असली तरी पहिल्या पर्यायाला बरेच हात वर होतात. मुलांच्या मनात विद्युतधारा म्हणजे कंदिलातलं रॉकेल असतं. पहिला बल्ब थोडं पितो, उरलेलं पुढच्याला मिळतं. गणिताच्या आकडेमोडीत या समजुतीला कुठे धक्काच लागत नाही, कारण विभवांतराला रोधाने भागताना धारा ‘संपते’ की ‘फिरते’ हे कोणी विचारत नाही.

बोटाने हाताळायचं सिम्युलेशन, म्हणजे प्रयोगाची पडद्यावरची नक्कल, इथे फार मोलाचं ठरतं, कारण तारेच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही आणि इथे ते दाखवता येतं. पण मुलांच्या हातात टॅब दिला आणि ‘करून बघा’ म्हटलं, तर पंधरा मिनिटांत प्रत्येक बॅटरीला आग लागलेली असते आणि रॉकेल जिथल्या तिथे असतं. फरक पडतो तो बोट काचेला लागण्याआधी काय झालं यावर, आणि टॅब बाजूला ठेवल्यावर पुढे काय झालं यावर.

इथे सगळं उदाहरण एकाच सिम्युलेशनचं घेतलं आहे: ‘फेट’चं डीसी सर्किट जोडणी किट. फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या केंद्राचा प्रकल्प. २००१ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वायमन यांनी तो २००२ साली सुरू केला. सुरुवातीची सिम्युलेशन्स जावा आणि फ्लॅशमध्ये होती, त्यामुळे ती माउसवाल्या संगणकापुरतीच राहिली. पुढे ती एचटीएमएल-५ मध्ये नव्याने लिहिली गेली आणि मग स्वस्तातल्या टॅबवरही बोटाने चालू लागली. ती वापरायला पैसे लागत नाहीत, आणि स्वयंसेवकांनी केलेली मराठी भाषांतरंही तिथे मिळतात.

आदल्या दिवशीची तयारी

वर्गात इंटरनेटवर विसंबू नका. प्रत्येक सिम्युलेशनच्या पानावर डाउनलोडचं बटण असतं. त्यातून एकच एचटीएमएल फाइल उतरते आणि ती नेटशिवाय चालते. भाषांतरांच्या यादीतून मराठी निवडून तीच फाइल उतरवा.

फाइल टॅबवर टाकली आणि उघडल्यावर पांढरं पान दिसलं, तर फाइल खराब आहे असं समजू नका. अँड्रॉइडवर बऱ्याचदा ती ‘एचटीएमएल व्ह्यूअर’ नावाच्या साध्या अ‍ॅपमध्ये उघडते आणि त्यात जावास्क्रिप्ट चालत नाही. फाइल दाबून धरा, ‘यात उघडा’ निवडा आणि क्रोमसारखा पूर्ण ब्राउझर द्या. दहा-पंधरा टॅबवर एकेक करून फाइल टाकणं जिवावर येत असेल तर एका लॅपटॉपवर फोल्डर ठेवून तिथूनच छोटा वेब-सर्व्हर चालवता येतो (पायथन असेल तर वेगळं काही लागत नाही). टॅबच्या ब्राउझरमध्ये त्या लॅपटॉपचा आयपी पत्ता टाकला की झालं. दोन गोष्टी आडव्या येतात. विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट ८ उपकरणांच्या पुढे कोणाला आत घेत नाही, म्हणून त्याऐवजी साधा वाय-फाय राउटर वापरा. त्याला इंटरनेट जोडलेलं नसलं तरी चालतं. आणि अशा वाय-फायला जोडल्यावर टॅब विचारतो, ‘इंटरनेट नाही, तरीही जोडलेलं राहायचं का?’ तिथे ‘हो’ म्हटलं नाही तर तो गुपचूप तुटतो. लॅपटॉपच्या फायरवॉलनेही पहिल्यांदा परवानगी मागितलेली असते, ती नाकारली गेली तर एकही टॅब आत येत नाही.

स्क्रीन बंद होण्याची वेळ दहा मिनिटांवर न्या. नाहीतर गट चर्चा करत असताना टॅब झोपतो, आणि तो उठवण्याच्या नादात चर्चा थांबते.

मराठी भाषांतर आधी स्वतः एकदा पाहून घ्या. भाषांतर करणाऱ्याचे शब्द आणि बालभारतीचे शब्द जुळतीलच असं नाही. विभवांतर, रोध, विद्युतधारा, एकसर, समांतर हे शब्द पुस्तकात जसे आहेत तसे फळ्याच्या एका बाजूला लिहा, आणि स्क्रीनवर त्याच अर्थाने दुसरा शब्द असेल तर तो शेजारी. पाच मिनिटांचं हे काम वगळलं की ‘सर, हा शब्द आपल्या पुस्तकात नाही’ यातच तासाचा सूर जातो.

तास

दोघांत एक टॅब, फार तर तिघांत. एकाने बोट चालवायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं, आणि प्रत्येक प्रश्नानंतर अदलाबदल. चौघांत एक दिला तर चौथं मूल खिडकीबाहेर बघतं. समोरच्या भिंतीवरचं मोठं टचपॅनेल हे चर्चेसाठी आहे, प्रयोगासाठी नाही. तिथे एक विद्यार्थी काम करतो आणि बाकी चाळीस जण प्रेक्षक होतात. शाळेत पॅनेलच असेल, टॅब नसतील, तर आधी सगळ्यांनी अंदाज वहीत लिहून एक, दोन किंवा तीन बोटं वर करायची आणि मगच एकाने पुढे येऊन जोडायचं. अंदाज लिहिलेला असला की प्रेक्षकाचाही जीव त्यात गुंततो.

पहिली पाच मिनिटं मोकळी सोडा. सूचना देऊ नका. आग लावायची ती लावून घेऊ द्या. ती हौस आधी फिटली नाही तर ती मोजमाप चालू असताना डोकं वर काढते.

मग एक बॅटरी, एक बल्ब आणि दोन तारा. बल्ब पेटवा, एवढंच सांगायचं. इथेच पहिली अडचण दिसते. बल्बला दोन टोकं असतात, एक तळाशी आणि एक पेचाच्या बाजूला, हे पुष्कळ मुलांना माहीत नसतं, कारण घरचा बल्ब होल्डरमध्ये असतो आणि होल्डरच्या आत कोणी पाहिलेलं नसतं. दोन्ही तारा एकाच टोकाला लावून ‘मॅडम, हा खराब आहे’ म्हणणारा गट निघतोच. लगेच उत्तर सांगू नका. खरा टॉर्चचा बल्ब हातात द्या, तळाचा शिशाचा ठिपका आणि बाजूचा पत्रा यांच्यामधली काळी पट्टी दाखवा. तो पुन्हा टॅबकडे वळतो आणि स्वतःच जोडतो.

आता फळ्यावरचा प्रश्न. अंदाज वहीत लिहा, कारणासकट. मग जोडा. या किटमध्ये बॅटरी ९ व्होल्टची आणि बल्ब १० ओहमचा असतो, म्हणजे एकट्या बल्बमधून ०.९० अँपिअर धारा जाते. दोन बल्ब एकसर केले की ०.४५. अ‍ॅमीटर तीन जागी लावायला सांगा: पहिल्या बल्बच्या आधी, दोन बल्बच्या मध्ये, दुसऱ्याच्या नंतर. तिन्ही ठिकाणी ०.४५. इलेक्ट्रॉनचे निळे ठिपकेही सगळीकडे एकाच वेगाने सरकतात. बल्बमधून बाहेर पडताना त्यांची गर्दी विरळ होत नाही. रॉकेल इथे संपतं. मग बल्ब वापरतो तरी काय, हा प्रश्न एखादं मूल विचारतंच, आणि त्याचं उत्तर व्होल्टमीटर देतो: प्रत्येक बल्बच्या दोन टोकांत ४.५ व्होल्ट. वापरली जाते ती ऊर्जा, धारा नव्हे. हे वाक्य आपण आधी सांगितलं तर ते टिपणवहीत जातं. तीन जागचे आकडे बघून मुलाने म्हटलं तर ते डोक्यात राहतं.

इलेक्ट्रॉनच्या चित्राबाबत मात्र एक गोष्ट त्याच तासाला सांगायलाच हवी. पडद्यावरचा वेग खरा नाही. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर धारा जात असताना इलेक्ट्रॉन सरासरीने सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर सरकतात. एक मीटर अंतर कापायला त्यांना पावणेचार तास लागतील. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण तारेत सगळीकडे इलेक्ट्रॉन आधीपासून आहेतच आणि ते जवळपास एकाच वेळी हलू लागतात. दुसरं म्हणजे, ठिपके ऋण टोकाकडून धन टोकाकडे जातात आणि पुस्तकातला बाण उलट दिशेला असतो. सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉन आणि संकेतमान्य दिशा अशी अदलाबदल करता येते. ती एकदा सगळ्यांना करून दाखवा, नाहीतर दहावीपर्यंत बाण उलटसुलट पडत राहतात.

बोट कुठे अडतं

टचस्क्रीनच्या अडचणी विज्ञानाच्या नसतात, पण तास त्याच खातात.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो जोड सोडवताना. दोन टोकं जवळ नेली की ती आपोआप चिकटतात. सोडवायला मुलं तार ओढतात आणि अख्खं सर्किट सोबत येतं. मग आणखी जोरात ओढतात. ओढायचं नाही, जोडाच्या गोलावर नुसतं एकदा टेकवायचं, कात्री दिसते, ती दाबायची. घटक काढून टाकायचा तर त्यावर टेकवून कचराडबा. हे सुरुवातीलाच पॅनेलवर दाखवा, पुढची दहा मिनिटं वाचतात. खाली उजव्या कोपऱ्यातलं नारिंगी गोल बटण सगळं पुसतं, आणि उजव्या हाताचा तळवा नेमका तिथेच टेकतो.

मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर बोटच जोडावर येतं आणि काय चिकटलं ते दिसत नाही. आठ इंचांच्या खालचा स्क्रीन या किटला अपुरा पडतो. दोन बोटांनी दृश्य मोठं करता येतं, पण मग अर्धं सर्किट बाहेर जातं. दोन मुलांनी एकाच वेळी मोकळ्या जागेत बोटं टेकवली तरी दृश्य असंच अचानक मोठं होतं. ‘टॅब बिघडला’ ही तक्रार पुष्कळदा यातून येते.

चार्जिंगला लावलेला टॅब भलत्याच जागी स्पर्श ओळखायला लागला तर आधी चार्जर काढा. हलक्या चार्जरमधला विद्युत गोंगाट स्पर्श ओळखणाऱ्या थरापर्यंत पोहोचतो. घामेजलेली बोटं आणि तडकलेला स्क्रीनगार्ड हेही तसेच त्रास देतात.

भिंतीवरच्या पॅनेलचं तंत्र बहुधा वेगळं असतं. चौकटीतून काचेच्या लगत अवरक्त किरणांची जाळी पसरलेली असते आणि ती जिथे अडते तिथे ‘स्पर्श’ मानला जातो. म्हणून बोटाबरोबर शर्टाची बाही, बांगडी, ओढणीचं टोक, सगळंच बोट ठरतं. खिडकीतून ऊन थेट चौकटीवर पडलं तर कोणी हात लावलेला नसताना बल्ब सरकू लागतात, पडदा ओढा. खडूची भुकटी चौकटीच्या खाचेत साठली की एक आख्खी आडवी पट्टी बहिरी होते. कोरड्या मऊ फडक्याने खाच पुसली की ती परत येते. फळा आणि पॅनेल शेजारी-शेजारी असलेल्या वर्गात हे आठवड्याला एकदा करावं लागतं.

टेबलावर

सिम्युलेशनने प्रत्यक्ष प्रयोगाची जागा घ्यावी का, यावर अभ्यास झालेले आहेत. २००५ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्याच संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्किट किटवर काम केलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना, खऱ्या तारा-बल्ब हाताळलेल्यांपेक्षा, खरं सर्किट जोडणं आणि त्याचं स्पष्टीकरण देणं जास्त चांगलं जमलं. पण २००८ साली फिनलंडमधल्या प्राथमिक शाळेच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात आधी सिम्युलेशन आणि मग तेच सर्किट खऱ्या साहित्याने, असं दोन्ही केलेली मुलं नुसतं एकच केलेल्यांच्या पुढे गेली. आमचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, आणि त्याचं कारण समांतर जोडणीत दिसतं.

टॅबवर दोन बल्ब समांतर जोडा. दोन्हींतून ०.९० अँपिअर, बॅटरीतून १.८०, उजेड एकट्या बल्बइतकाच. पुस्तकाशी तंतोतंत जुळतं. आता टेबलावर दोन साधे टॉर्चचे सेल आणि २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचे दोन बल्ब घ्या. दुसरा बल्ब समांतर लावताच पहिला किंचित मंदावतो. सेल जुने असतील तर चांगलाच मंदावतो. मुलं म्हणतात, प्रयोग चुकला. चुकलेला नाही. खऱ्या सेलला अंतर्गत रोध असतो आणि टॅबवरच्या बॅटरीचा तो जवळजवळ शून्य ठेवलेला आहे. किटच्याच ‘प्रयोगशाळा’ या भागात प्रगत पर्याय उघडले की बॅटरीच्या अंतर्गत रोधाची पट्टी सापडते. ती ५ ओहमवर न्या: एकट्या बल्बला ०.६० अँपिअर, दोन समांतर केले की प्रत्येकी ०.४५. टेबलावर जे दिसलं तेच आता टॅबवर दिसतं. टॅब आणि टेबल यांच्यात जिथे जुळत नाही तिथे थांबून ‘का’ विचारणं, हा या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोलाचा भाग आहे. तो घाईत उरकू नका.

आणखी एक न जुळणारी गोष्ट एकसर जोडणीत दिसते. टॅबवर धारा बरोबर निम्मी होते, टेबलावर ती निम्म्याहून जास्त राहते. तापलेल्या तारेचा रोध जास्त असतो, मंद बल्बची तार थंड असते, म्हणून तिचा रोध कमी. टॅबवरचा साधा बल्ब मात्र कायम १० ओहमच धरतो. हे नववीला समजावलंच पाहिजे असं नाही, पण विचारलं गेलं तर ‘मीटर खराब असेल’ असं म्हणून टाळू नका.

साहित्य घेताना: तारेचे छोटे बल्ब आता सहज मिळत नाहीत आणि त्यांच्या जागी एलईडी लावला तर ही सगळी मांडणी कोलमडते, कारण एलईडी ओहमचा नियम पाळत नाही आणि एकाच दिशेने पेटतो. बल्ब नसतीलच तर रोधक आणि मल्टिमीटर घ्या. टॅबवर १० ओहम आहे म्हणून तोच घेऊ नका. ३ व्होल्टला १० ओहमच्या रोधकात ०.९ वॉट उष्णता तयार होते आणि दुकानात मिळणारा नेहमीचा पाव वॉटचा रोधक चटका बसेल इतका तापतो. १०० ओहमचा घ्या: ३० मिलिअँपिअर धारा, ०.०९ वॉट, काही त्रास नाही.

मल्टिमीटर हातात देण्याआधी टॅबवर अ‍ॅमीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावून ज्वाळा दाखवा. अ‍ॅमीटरचा रोध जवळजवळ शून्य, म्हणून ते शॉर्ट सर्किटच. टॅबवर ज्वाळा येतात, शाळेच्या मल्टिमीटरचा फ्यूज जातो. आणि पडद्यावरची आग कोणालाच भाजत नाही, म्हणून हेही रोखठोक सांगा: हे सगळं सेलवर. घरचा २३० व्होल्टचा प्लग यात येत नाही, मोठ्या माणसासमोरही नाही.

बोटाला काचच लागते

‘स्पर्शातून शिक्षण’ असं म्हटलं जातं तेव्हा एक गोष्ट विसरली जाते. फेटच्याच बल आणि गतीच्या सिम्युलेशनमध्ये ५० किलोचं खोकं आहे आणि २०० किलोचा फ्रिजही. दोन्ही ढकलताना बोटाला लागते ती तीच गुळगुळीत काच. जडत्व हाताला कळत नाही, आकडा वाचून कळतं. म्हणून जे हाताला जाणवू शकतं ते टॅबवर नेऊ नये. चुंबकांचं एकमेकांना ढकलणं, पाण्यात बुडवलेल्या बादलीचं हलकं होणं, बहिर्वक्र भिंगाने भिंतीवर उमटणारी खिडकीची उलटी प्रतिमा, साबणाच्या पाण्याने बदलणारा हळदीचा रंग: यांना साहित्य स्वस्त आहे आणि अनुभव खरा आहे. टॅब ठेवावा तो न दिसणाऱ्यासाठी: इलेक्ट्रॉन, वायूचे रेणू, क्षेत्ररेषा.

लंबक मधे पडतो. खरा लंबक दोऱ्याला नट बांधून होतो आणि तोच करावा: टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर, नंतर १०० सेंटिमीटर. दहा आंदोलनांना सुमारे १० आणि २० सेकंद लागतात. लांबी चौपट, वेळ दुप्पट. एकच आंदोलन मोजलं तर स्टॉपवॉच दाबण्यातली ०.२ सेकंदाची चूकच उत्तराचा पाचवा हिस्सा होते, म्हणून दहा. टॅबचं काम त्यानंतर. नट ९० अंशांपर्यंत नेऊन सोडला तर दोरा सैल पडतो, गोंधळ होतो. टॅबवर तो नीट झुलतो आणि आंदोलनकाल लहान कोनापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. पुस्तकातल्या सूत्राला ‘कोन लहान असताना’ ही अट का आहे ते इथे दिसतं. बोट उचलताना गोळा एक-दोन अंश सरकतो, पण १० अंशांच्या आत असाल तर त्याने काही बिघडत नाही.

आठवड्याने, टॅब कपाटात असताना, कोऱ्या कागदावर हा प्रश्न द्या. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचे तीन सारखे बल्ब. ‘अ’ मुख्य वाटेवर, त्याच्या पुढे ‘ब’ आणि ‘क’ एकमेकांना समांतर. ‘क’ काढून टाकला. ‘अ’चं काय होईल? ‘ब’चं काय होईल? जी मुलं अजून रॉकेल मोजत असतात ती म्हणतात, ‘क’चा वाटा ‘ब’ला मिळाला, ‘अ’ला काहीच फरक नाही. प्रत्यक्षात ‘अ’ ०.६० वरून ०.४५ अँपिअरवर येऊन मंदावतो आणि ‘ब’ ०.३० वरून ०.४५ वर जाऊन उजळतो. ‘ब’ उजळेल हे बहुतेकांचं बरोबर येतं. ‘अ’ का मंदावला, याला वाट अरुंद झाली, एकूण रोध १५ वरून २० ओहम झाला, असं कारण ज्यांनी लिहिलं त्यांना पुढच्या पाठाला जाऊ द्या. बाकीच्यांना तीन बल्ब आणि दोन सेल द्या. या वेळी टॅब नंतर.